गार्सिया द ऑर्ता : एका वैद्याचें चरित्र व मरणोत्तर शिक्षा

आपल्या जालन्याच्या नैर्ऋत्येस असलेलें अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) सोळाव्या शतकांत निजामशाहीची राजधानी होतें. तेथील बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारीं एका पोर्तुगीज वैद्यास मोठा मान असे. त्याचें नांव गार्सिया द ऑर्ता. ज्युबिली म्हणजे उपकारस्मरणाचा तसाच पश्चात्तापाचाही काळ होय. म्हणून त्याचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

ऑर्ताचा जन्म इ. स. १५०० च्या सुमारास पोर्तुगालांत झाला. आईबाप मूळचे यहुदी. १४९२ सालीं स्पेनमधून यहुद्यांस हांकून दिलें, तेव्हां तीं पोर्तुगालांत आलीं. तेथें १४९७ सालीं यहुद्यांस सक्तीनें बाप्तिस्मा देण्यांत आला. अशा कुटुंबांस 'नवे ख्रिस्ती' म्हणत आणि त्यांजवर संशय कायम असे. मुलानें सालामांका व अल्काला येथें अध्ययन केलें, लिस्बनच्या विद्यापीठांत अध्यापन केलें, आणि १५३४ सालीं तो गोव्यास आला. मुंबई बेटही त्याजकडे खंडानें होतें. इकडील वैद्य, हकीम व व्यापारी यांस विचारून त्यानें औषधींची माहिती जमविली, आणि १५६३ सालीं गोव्यांत आपला संवादरूप ग्रंथ छापविला. त्यांत पटकीचें जें वर्णन आहे, तें वैद्यकाच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे.

तत्पूर्वीं, १५६० सालीं, गोव्यांत इन्क्विझिशन म्हणजे धर्मसमीक्षणाचें न्यायालय स्थापन झालें होतें. नवे ख्रिस्ती गुप्तपणें यहुदी आचार पाळतात काय, कोणी चेटूक करतो काय, याची तें चौकशी करी. आरोप करणाराचें वा साक्षीदाराचें नांव आरोपीस कळवीत नसत. कबुलीसाठीं यातना देण्याची मुभा असे. मालमत्ता जप्त होई. देहान्ताची शिक्षा न्यायालय स्वहस्तें अमलांत आणीत नसे. तें दोषी मनुष्यास सरकारी अधिकाऱ्यांच्या हवालीं करी, व ते त्यास जाळीत. मरणानेंही खटला मिटत नसे.

ऑर्ता १५६८ सालीं वारला. त्यानंतर त्याची बहीण कातारिना हिला धरलें, आणि १५६९ सालीं तिला जाळण्यांत आलें. आप्तांच्या जबान्यांवरून मृत भावावरही ठपका आला. १५८० सालीं त्याच्या अस्थि थडग्यांतून उकरून अग्नींत टाकल्या. ज्याला उत्तर देण्यास मुख उरलें नव्हतें, त्यालाही दोषी ठरविलें! ग्रंथ मात्र जळला नाहीं. युरोपांत तो लॅटिनमधून वाचला गेला.

तें न्यायालय १८१२ सालीं कायमचें बंद झालें. महाज्युबिलीच्या वर्षीं, १२ मार्च २००० रोजीं, परमगुरु दुसरे जॉन पॉल यांनीं सत्याच्या नांवानें ख्रिस्ती लोकांनीं केलेल्या हिंसेबद्दल जाहीरपणें देवाची क्षमा मागितली.

ही गोष्ट दूरची समजूं नये. आमच्या मराठवाड्यांत करणी व भानामती यांच्या नांवानें बायाबापड्यांवर आळ आलेले आहेत. असा आळ घेऊन छळ करणें हा महाराष्ट्रांत २०१३ च्या कायद्यान्वयें गुन्हा आहे. परंतु कायदा चावडीपर्यंत पोंचतो. कुजबुज उंबऱ्याच्या आंत चालते. तेथें पहारा आपणच करावयाचा. आड राहून दोष देणाराचें ऐकूं नये, आणि जिच्यावर आळ आला तिचें म्हणणें ऐकल्यावांचून निर्णय करूं नये, एवढें व्रत प्रत्येक ख्रिस्ती कुटुंबानें घेतलें, तर ज्युबिली सार्थकीं लागली असें आम्ही समजूं.