कर्मवीर भाऊराव पाटील : एका पंक्तीचे बोर्डिंग

कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमधून एका विद्यार्थ्याला काढून टाकण्यात आले. त्याने चोरी केली नव्हती की मारामारी केली नव्हती. १९०८ साली शाहू महाराजांच्या राज्यात अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले, त्याच्या समारंभाला तो गेला होता. परत आल्यावर विटाळ फेडण्यासाठी स्नान करण्याची आज्ञा झाली आणि त्याने ती साफ नाकारली. पुढे ज्यांना सारा महाराष्ट्र कर्मवीर अण्णा म्हणून ओळखू लागला, ते भाऊराव पायगोंडा पाटील ते हेच.

त्यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे झाला. मूळ घराणे ऐतवडे बुद्रुकचे. वडील सरकारी नोकरीत कारकून. पुस्तकी अभ्यासात भाऊरावांची गती बेताचीच होती. हे सांगण्यात कमीपणा नाही; हजारो मुलांना शिकविणारा हा माणूस स्वतः मोठी पदवी घेतलेला नव्हता.

त्या काळच्या कोल्हापुराचे चित्र डोळ्यांसमोर आणले पाहिजे. मराठा मुलांचे बोर्डिंग वेगळे, जैनांचे वेगळे, मुसलमानांचे वेगळे. १९०७ मध्ये आपल्या लिंगायत विद्यार्थ्यांसाठीही वसतिगृह निघाले आणि खेड्यातली कितीतरी मुले त्यामुळे शिकली. शाहू महाराजांचा विचार व्यवहारी होता. ज्या जातीच्या पोराला शहरात भाकरी आणि निवारा नाही, त्याला आधी तो मिळू दे, भिंती पुढे पडतील. महाराजांचे हे ऋण कोणी नाकारू नये. पण जातीच्या बोर्डिंगात राहिलेला मुलगा गणित आणि इंग्रजी जसे शिकतो, तसेच कोणाच्या हातचे खावे आणि कोणाच्या हातचे खाऊ नये, हेही तिथेच शिकतो. भाऊराव ते शिकायला तयार नव्हते, म्हणून त्यांना बाहेर पडावे लागले.

१९१४ च्या डांबर प्रकरणाने त्यांची आणखी कठीण परीक्षा घेतली. कोल्हापुरात राजपुतळ्याला डांबर फासले गेले आणि जैन समाजाचे पुढारी अण्णासाहेब लठ्ठे यांच्यावर बालंट आले. लठ्ठ्यांविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांचा तुरुंगात छळ झाला. त्यांनी साक्ष दिली नाही. हे सारे शाहू महाराजांच्याच राज्यात घडले, तरी पुढे आपल्या बोर्डिंगाला नाव देण्याची वेळ आली तेव्हा भाऊरावांनी महाराजांचेच नाव घेतले. मनुष्याचे कार्य आणि आपल्याला झालेला जाच यांची ज्याला वेगवेगळी मोजदाद ठेवता येते, त्याचे मन किती मोठे असेल!

पोटासाठी त्यांनी शिकवण्या केल्या. ओगले, किर्लोस्कर यांच्या मालाची विक्री करीत ते गावोगाव हिंडले. या फिरतीतच त्यांनी बहुजनांचे अज्ञान जवळून पाहिले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळील काले या गावी, सत्यशोधक मंडळींच्या साक्षीने, रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ मध्ये साताऱ्याला बोर्डिंग सुरू झाले आणि २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग असे नामकरण झाले.

या बोर्डिंगात नियमांची लांबलचक पाटी लावून समता आणलेली नव्हती. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, लिंगायत, ब्राह्मण, सगळ्या घरची मुले पाळीपाळीने स्वयंपाक करीत, भांडी घाशीत आणि एकाच पंक्तीला जेवीत. आज ज्याच्या हातची भाकरी खाल्ली, त्याला उद्या शाळेत वेगळे बसविण्याची बुद्धी कशी होणार? शेतात, बागेत, बांधकामावर प्रत्येकाने श्रम करावयाचे आणि त्यातून शिक्षणाचा खर्च भागवावयाचा, ही दुसरी शिस्त. घरोघरच्या बायका दळताकांडताना मूठभर धान्य बाजूला काढीत, ते मुष्टिफंडातून येई. कायक आणि दासोह हे शब्द आपल्या ओठांवर रोजचे आहेत. साताऱ्याच्या त्या स्वयंपाकघरात ते शब्द कोणी उच्चारीत नसेल, पण त्या शब्दांचे काम तिथे दोन्ही वेळा होत होते.

लक्ष्मीबाईंविषयी लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्या सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या जैन घरच्या. पतीने अस्पृश्य मुले घरात आणली तेव्हा त्यांच्या मनाला काय यातना झाल्या असतील, याची कल्पना आपल्या आईआजीला आठवून करावी. पण त्या बदलल्या. व्याख्यान ऐकून बदलल्या नाहीत; मुलांची आजारपणे काढता काढता, त्यांना वाढता वाढता बदलल्या. बोर्डिंगात दाणा उरला नाही की एकेक दागिना मोडला जाई, आणि शेवटी मंगळसूत्रही गेले. १९३० मध्ये त्या वारल्या. अण्णांचे नाव गाजले ते पुढे. त्यांनी ते पाहिले नाही.

पुणे कराराच्या स्मरणार्थ १९३२ मध्ये पुण्याला युनियन बोर्डिंग निघाले. पण एक बोर्डिंग स्वतः सांभाळणे वेगळे आणि शेकडो शाळांत तीच हवा राखणे वेगळे. अण्णा प्रत्येक गावी हजर राहू शकत नव्हते. मास्तरच जातीचा अभिमान घेऊन वर्गात शिरला, तर संस्थेच्या नावाने काय होणार? म्हणून १९३५ मध्ये साताऱ्याला अध्यापक विद्यालय काढण्यात आले. शिक्षक बाहेरून आणण्यापेक्षा आपल्याच मुशीतून घडवावा, हा त्यामागील हेतू. एका पंक्तीला जेवलेला, हाताला घट्टे पडलेला मुलगाच पुढे खेड्यातल्या शाळेचा मुख्याध्यापक होऊन जाई. अण्णांच्या साऱ्या कार्यात ही गोष्ट मला सर्वांत दूरदृष्टीची वाटते. आपल्या समाजातील शिक्षणसंस्थांच्या चालकांनी इमारतींच्या आधी याकडे पाहावे, असे नम्रपणे सुचवावेसे वाटते.

१९४० मध्ये सयाजीराव महाराजांच्या नावाने हायस्कूल, १९४७ मध्ये शिवाजी कॉलेज, १९५४ मध्ये कऱ्हाडला गाडगे महाराजांच्या नावाने कॉलेज, अशी वाढ होत गेली. मध्यंतरी, १९४८ मध्ये, सरकारने अनुदान बंद केले. अण्णा डगमगले नाहीत. गांधीजींच्या नावे एकशे एक हायस्कुले काढण्याचा संकल्प करून ते झोळी घेऊन पुन्हा रयतेच्या दारी गेले. रयतेने दिले, आणि पुढे सरकारचे अनुदानही सुरू झाले.

१९५९ मध्ये पद्मभूषण मिळाले. त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने, कोणतीही मोठी परीक्षा उत्तीर्ण न झालेल्या या माणसाला, डी. लिट्. दिली. ९ मे १९५९ रोजी पुण्यात अण्णांनी देह ठेवला. तोवर पाचशेहून अधिक प्राथमिक शाळा, शंभरावर हायस्कुले आणि तीन महाविद्यालये संस्थेने उभी केली होती. साताऱ्यात त्यांची समाधी आहे. तिच्याजवळच मुले शिकतात.