परमुलखातील विद्यार्थी : इमाम बुखारी (रह.)

वाचकहो, आपले अपत्य शिक्षणासाठी परदेशी निघाले असेल, तर इमाम बुखारी (रह.) यांचे विद्यार्थिजीवन आठवा. हिजरी 194 मध्ये बुखारा येथे जन्मलेले इमाम बालपणीच पितृछत्रास मुकले. सोळाव्या वर्षी ते माता व बंधूसह हजला गेले. ते दोघे परतले. इमाम हदीसच्या अध्ययनासाठी मागे राहिले. पुढे बसरा येथे ते काही दिवस पाठाला दिसेनात. सहाध्यायी त्यांच्या खोलीवर गेले, तेव्हा जवळचे सर्व संपून अंगावर वस्त्रही उरले नव्हते, असे चरित्रकार सांगतात. सोबत्यांनी दिरहम गोळा करून वस्त्र आणले आणि इमाम पुन्हा हदीस लिहू लागले. स्वाभिमानी विद्यार्थी हात पसरत नाही; म्हणून सोबत्याची जागा रिकामी दिसताच त्याचे दार ठोठवावे, ही शिकवणही मुलाच्या शिदोरीत द्या.