वणव्याचे फोटो सगळेच काढतात, ॲन्सेल ॲडम्स यांनी आग विझल्यावर उरलेल्या बुडख्याचा फोटो काढला

फेब्रुवारी उलटला की पारनेर तालुक्यातले माळ वाळून पिवळे पडतात. गवताला कुसळं धरलेली असतात, बाभळी-बोरींखाली पाचोळा साचलेला असतो आणि दुपारचा वारा सुटलेला असतो. मग एक ठिणगी पुरते. कुणी फेकलेलं बिडीचं थोटूक, बांध जाळताना हाताबाहेर गेलेली आग, नाहीतर गवत जाळलं की पावसाळ्यात ते जोमानं फुटतं या समजुतीतून मुद्दाम ओढलेली काडी.

अंधार पडला की डोंगरावर पेटलेली रांग लांबून दिसते आणि मोबाईल बाहेर निघतात. दहा मिनिटांत स्टेटस, अर्ध्या तासात रील.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच डोंगरावर कुणी फिरकत नाही. काळं पडलेलं रान दिसायला चांगलं नसतं, त्याला लाइक मिळत नाहीत. पण खरा हिशोब तिथेच असतो. राळेगणसिद्धीसारख्या गावांनी याच तालुक्यात चर खणले, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली, झाडं लावली. अशा डोंगरावरून वणवा फिरला तर कुठली रोपं गेली, कुठली मुळातून पुन्हा फुटतील आणि माती किती उघडी पडली, हे आग विझल्यावरच दिसतं.

आग विझल्यानंतरच्या त्या जागेकडे बघायला लावणारा एक फोटो सुमारे ९० वर्षांपूर्वी अमेरिकेत काढला गेला. काढणारा माणूस मात्र बर्फाच्छादित शिखरं आणि चंद्रोदयाच्या फोटोंसाठी जगभर ओळखला जातो. नाव, ॲन्सेल ॲडम्स.

आगीशी त्यांचा संबंध मात्र त्या एका फोटोपुरता नव्हता, तो लहानपणापासूनचा होता.

२० फेब्रुवारी १९०२ ला सॅन फ्रान्सिस्कोत ॲन्सेलचा जन्म झाला. आजोबांचा व्यवसाय लाकडाचा. म्हणजे पुढे जंगलं वाचवा म्हणून आयुष्यभर भांडणाऱ्या या माणसाचं घर उभं राहिलं ते झाडं तोडून आलेल्या पैशावर. नंतर हा व्यवसाय बुडाला आणि वडिलांची उरलेली वर्षं कर्ज फेडण्यात गेली.

१८ एप्रिल १९०६. पहाटे सव्वापाचच्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत मोठा भूकंप झाला. चार वर्षांचा ॲन्सेल त्यातून सुखरूप वाचला, पण काही तासांनी आलेल्या धक्क्यानं तो बागेतल्या भिंतीवर तोंडावर आपटला आणि नाक मोडलं. ते वाकडं नाक आयुष्यभर तसंच राहिलं. भूकंपापेक्षा जास्त नुकसान त्यानंतरच्या आगीनं केलं. शहर तीन दिवसांहून अधिक काळ जळत होतं आणि पोराला घरातून धुराचे लोट दिसत होते.

शाळेत हे पोरगं टिकलं नाही. एका जागी बसायचं नाही, शिस्त जमायची नाही. शेवटी वडिलांनी त्याला घरीच शिकवायचं ठरवलं. बाराव्या वर्षी तो पियानो वाजवायला लागला आणि त्यात इतका रमला, की पियानोवादकच व्हायचं हे त्यानं ठरवून टाकलं.

१९१६ च्या उन्हाळ्यात कुटुंब योसेमिटीला फिरायला गेलं. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतरांगेतली ही दरी. वडिलांनी १४ वर्षांच्या ॲन्सेलच्या हातात कोडॅकचा साधा डबा कॅमेरा, ब्राउनी दिला. हाफ डोम नावाच्या प्रचंड सुळक्याचा फोटो घ्यायला तो एका कुजलेल्या बुडख्यावर चढला. बुडखा ढासळला, ॲन्सेल डोक्यावर खाली आला आणि पडता पडता बटण दाबलं गेलं. फोटो आला तो उलटा. पुढे जगाला फोटो कसा काढायचा हे शिकवणाऱ्या माणसाची सुरुवात ही अशी झाली!

त्यानंतर योसेमिटीची वारी कधी चुकली नाही. १९१९ मध्ये तो सिएरा क्लब या निसर्गसंवर्धन संस्थेचा सदस्य झाला आणि तिच्या दरीतल्या वास्तूची राखण करण्यासाठी चार उन्हाळे तिथेच राहिला. १० एप्रिल १९२७ ला तो जड कॅमेरा आणि काचेच्या १२ प्लेट पाठीवर घेऊन हाफ डोमसमोरच्या कड्यावर चढला. वर पोचेपर्यंत दोनच प्लेट शिल्लक होत्या. पहिल्या प्लेटवर पिवळा फिल्टर लावून फोटो घेतला, पण डोळ्यांना जाणवत होता तो दरारा त्यात येणार नाही हे त्याच्या लक्षात आलं. शेवटच्या प्लेटला गडद लाल फिल्टर लावला. आकाश जवळजवळ काळं झालं आणि कडा अंगावर आल्यासारखा उभा राहिला. हाच तो 'मोनोलिथ'. बटण दाबण्याआधी अंतिम चित्र मनात बघायचं, ही ॲडम्स यांची पद्धत इथून सुरू झाली.

१९३० च्या सुमारास पियानो मागे पडला आणि कॅमेरा हेच काम ठरलं. १९३२ मध्ये एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम आणि इतरांसोबत त्यांनी ग्रुप एफ/६४ काढला. त्या काळी कलात्मक फोटो म्हणजे धूसर, चित्रासारखा फोटो असा समज होता. या मंडळींचं म्हणणं उलटं होतं. कॅमेऱ्याला जे स्वच्छ दिसतं ते स्वच्छच दाखवा, दगडाला दगड राहू द्या.

आता त्या बुडख्याकडे येऊ.

१९३५. सिएरा नेवाडात ॲडम्स यांनी एका जळलेल्या बुडख्याचा आणि त्याच्यापुढे उगवलेल्या गवताचा फोटो घेतला. त्यात शिखर नाही, आकाश नाही, ढग नाहीत. कॅमेरा अगदी जवळ. मागे कोळसा झालेलं लाकूड, त्याच्या भेगा, आगीनं पाडलेले चौकोनी तुकडे. पुढे गवताची पाती, काळ्यावर पांढऱ्या रेघा ओढाव्यात तशी. किती एकर जळालं, आग कुणी लावली, यातलं काही त्या फोटोत नाही. आग येऊन गेली आहे आणि जमीन पुन्हा कामाला लागली आहे, एवढंच आहे.

ज्यांनी जळलेलं रान मोबाईलमध्ये पकडायचा प्रयत्न केलाय, त्यांना यातली अडचण कळेल. कॅमेऱ्यातलं प्रकाश मोजायचं यंत्र समोर काय आहे हे ओळखत नाही, सरासरी राखाडी रंग मिळवणं एवढंच त्याचं काम. त्यामुळे कोळशावर नेम धरला की फोटोत कोळसा राखेसारखा राखाडी येतो आणि गवताची पाती पांढरीफटक पडतात. गवतावर नेम धरला तर कोळसा नुसता काळा डाग होतो, त्याच्या भेगा नाहीशा होतात. दोन्ही हवं असेल, तर कुठला काळा किती काळा ठेवायचा हे माणसानंच ठरवावं लागतं.

ॲडम्स यांनी १९४० च्या आसपास फ्रेड आर्चर यांच्यासोबत याचं शास्त्रच बसवलं. झोन सिस्टीम. ठार काळ्यापासून शुभ्र पांढऱ्यापर्यंत शून्य ते दहा अशा ११ पायऱ्या. मधली पाचवी म्हणजे राखाडी. जळलेल्या सालीचा पोत दिसायला हवा असेल, तर ती तिसऱ्या पायरीच्या आसपास बसवायची. आज फोनमध्ये स्क्रीनवर बोट ठेवून उजेड कमी-जास्त करणारी खूण खालीवर सरकवतात, ते हेच काम.

बुडख्याचा फोटो काढून दोन वर्षं होतात न होतात तोच आग ॲडम्स यांच्या दारात आली.

पत्नी व्हर्जिनिया यांच्या वडिलांचा योसेमिटीत स्टुडिओ होता. सासऱ्यांच्या निधनानंतर तो या दोघांकडे आला आणि १९३७ मध्ये कुटुंब तिथेच राहायला गेलं. त्याच उन्हाळ्यात वेस्टन पाहुणे म्हणून आले होते. सगळे उंच डोंगरात भटकून परतले आणि ॲडम्स यांच्या डार्करूमला आग लागली. हजारो निगेटिव्ह त्यात गेल्या. बॅकअप नाही, क्लाउड नाही. निगेटिव्ह जळाली की तो फोटो पुन्हा कधीही छापता येणार नाही. 'मोनोलिथ'च्या प्लेटलाही झळ लागली, पण ती वाचली.

ॲडम्स यांच्या कामावर आक्षेपही घेतले गेले. तीसच्या दशकात महामंदी होती, युरोप युद्धाकडे निघाला होता. जग कोसळत असताना ही मंडळी दगड आणि झाडांचे फोटो काढत बसलीत, अशा अर्थाची टीका फ्रेंच छायाचित्रकार हेन्री कार्तिए-ब्रेसाँ यांनी केली होती. त्यात तथ्य नव्हतं असं नाही. पण त्याच दगड-झाडांचे फोटो घेऊन ॲडम्स १९३६ मध्ये वॉशिंग्टनला गेले, लोकप्रतिनिधींना भेटले आणि सिएरातला एक भाग राष्ट्रीय उद्यान करा म्हणून मागे लागले. १९३८ मध्ये आलेलं त्यांच्या सिएराच्या फोटोंचं पुस्तक राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्यापर्यंत पोचलं. १९४० मध्ये किंग्ज कॅनियन राष्ट्रीय उद्यान झालं. युद्धकाळात जपानी वंशाच्या अमेरिकनांना मान्झानारच्या छावणीत डांबलं गेलं, तेव्हा तिथे जाऊन त्यांचे फोटोही ॲडम्स यांनी काढले आणि १९४४ मध्ये पुस्तकही केलं. ते तेव्हा अनेकांना रुचलं नाही.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. ॲडम्स यांच्या फोटोंत योसेमिटी म्हणजे माणसाचा हात न लागलेलं रान वाटतं. तसं ते नव्हतं. त्या दरीत अहवाहनीची लोक राहत होते आणि ते मुद्दाम छोट्या छोट्या आगी लावायचे. त्यानं कुरणं मोकळी राहायची, त्यांच्या खाण्यातल्या ओकच्या फळांची झाडं टिकायची, पाचोळा साचायचा नाही. १८५१ मध्ये सशस्त्र तुकडी पाठवून त्यांना हुसकावलं गेलं. आग थांबली आणि कुरणांत सूचिपर्णी झाडांची गर्दी झाली. ॲडम्स यांच्या फोटोंतली ती सुंदर मोकळी कुरणं ही बऱ्याच अंशी त्या लोकांच्या हातची कमाई होती.

योगायोग बघा. ज्या १९३५ साली त्यांनी जळक्या बुडख्याचा फोटो काढला, त्याच साली अमेरिकेच्या वनखात्यानं नियम केला, की कुठलीही आग दुसऱ्या दिवशी सकाळी १० च्या आत विझलीच पाहिजे. पुढची काही दशकं हाच खाक्या चालला. जंगलात जळण साचत गेलं. मग लक्षात आलं, की अवाढव्य सिक्वॉया झाडांची बोंडं आगीच्या धगीनं उघडतात आणि बी रुजायला पाचोळा जळून मोकळी झालेली माती लागते. १९६८ मध्ये राष्ट्रीय उद्यान खात्यानं धोरण बदललं. काही आगींना जळू द्यायचं आणि काही आपणहून, नियंत्रणात लावायच्या असं ठरलं.

हे वाचून कुणी पारनेरच्या माळावर काडी ओढायला निघू नये म्हणजे झालं! सिएरातल्या जुन्या सिक्वॉया झाडांची साल फूट-दोन फूट जाड असते आणि दोन आगींच्या मध्ये वर्षं जातात. आपल्याकडे तोच डोंगर दरवर्षी पेटतो. गुडघाभर रोपं तग धरत नाहीत, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी जातात आणि पहिल्या वळवात उघडी माती ओढ्याला लागते. म्हणूनच वनखातं उन्हाळ्याआधी गवताचे पट्टे काढून जाळरेषा घेतं.

ॲडम्स मात्र अखेरपर्यंत जुन्या निगेटिव्ह काढून नव्यानं प्रिंट करत राहिले. पियानो सुटला होता, पण हिशोब त्याच भाषेत मांडायचे. निगेटिव्ह म्हणजे लिहून ठेवलेली स्वररचना आणि प्रिंट म्हणजे मैफल. तीच रचना दरवेळी जरा वेगळी वाजणार. १९८० मध्ये त्यांना अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान, प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम मिळाला. २२ एप्रिल १९८४ ला वयाच्या ८२ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी सिएरातल्या एका संरक्षित रानाला आणि पुढच्या वर्षी एका शिखराला त्यांचं नाव दिलं गेलं.

२०१३ च्या ऑगस्टमध्ये योसेमिटीच्या पश्चिमेला रिम फायर नावाचा वणवा पेटला. एका शिकाऱ्याच्या शेकोटीतून सुरू झालेली ती आग उद्यानाच्या हद्दीत शिरली आणि विझेपर्यंत अडीच लाख एकरांहून जास्त रान जाळून गेली. तेव्हाही जगभर फिरले ते ज्वाळांचेच फोटो.

१९३७ च्या आगीतून वाचलेल्या निगेटिव्ह आणि त्यानंतरचं बरंचसं काम आता ॲरिझोनातल्या टूसॉन इथे आहे. तिथल्या विद्यापीठात १९७५ मध्ये ॲडम्स यांच्याच पुढाकारानं उभ्या राहिलेल्या छायाचित्र संग्रहालयात ते जपून ठेवलेलं आहे.