सॅलरी स्लिपमधली ‘ईएसआय’ची ओळ आणि बाबासाहेब

जळगावच्या एमआयडीसीत, चटईच्या कारखान्यात किंवा डाळ मिलमध्ये तुमचा एखादा मित्र कामाला असेल, तर त्याची सॅलरी स्लिप एकदा बघा. पीएफच्या खाली ‘ईएसआय’ अशी एक छोटी ओळ असते. कापले जाणारे पैसेही थोडेच. जुलै २०१९ पासून कामगाराचा वाटा पगाराच्या ०.७५ टक्के आणि मालकाचा ३.२५ टक्के. त्या बदल्यात कामगाराला आणि घरच्यांना उपचार मिळतात, आजारपणात पगाराचा काही भाग मिळतो आणि कामामुळे जडलेल्या आजाराची भरपाईसुद्धा मिळते. उमंग ॲपवर ही सगळी माहिती दिसते.

आता ही ओळ स्लिपमध्ये आली कशी? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. बाबासाहेब आंबेडकर म्हटलं की आपल्याला संविधान आठवतं, चवदार तळं आठवतं. पण ते चार वर्षं देशाचे मजूर मंत्री होते, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

चाळीतला मुलगा, कोलंबियाचा विद्यार्थी

१४ एप्रिल १८९१ ला महू इथे जन्म. थोडं बालपण साताऱ्यात गेलं आणि मग कुटुंब मुंबईत परळला आलं. परळ म्हणजे गिरणगाव. भोंगा वाजला की माणसं आत, भोंगा वाजला की बाहेर. पुढे बाबासाहेब परळच्याच बीआयटी चाळीत बरीच वर्षं राहिले. गिरणी कामगार कसा जगतो हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही, ते शेजारीच होतं.

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. मुख्य विषय अर्थशास्त्र. १९१५ मध्ये एम.ए. झाले, १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला गेले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवलं, पैसे साठवले, शाहू महाराज आणि मित्र नवल भथेना यांची मदत घेतली आणि १९२० ला पुन्हा लंडन गाठलं. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२३ मध्ये डी.एस्सी. सोबत बॅरिस्टरीही केली. गॅप पडला म्हणून शिक्षण सोडायचा विचार करत असाल, तर हे लक्षात ठेवा.

१९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात गिरणीतल्या बाळंतिणींना पगारी रजा द्यायचं विधेयक आलं. बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. आईची तब्येत हा फक्त तिच्या घरचा प्रश्न नाही, देशाचाही आहे, ही त्यांची भूमिका होती. १९२९ मध्ये तो कायदा झाला. १९३६ मध्ये त्यांनी पक्ष काढला तोही स्वतंत्र मजूर पक्ष.

धुळ्याचा मुक्काम

३१ जुलै १९३७ ला ते कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले होते. मुक्काम लळिंग किल्ल्याजवळच्या लांडोर बंगल्यात. आजही दरवर्षी ३१ जुलैला तिथे गर्दी होते.

त्या काळचा खान्देश म्हणजे कापूस. अमळनेरला प्रताप मिल, धुळे-जळगावातही कापड गिरण्या, आणि गावोगावी जिनिंग-प्रेसिंग. जिनमध्ये सरकीपासून रुई वेगळी होते, तेव्हा बारीक तंतू आणि धूळ हवेत उडते. वर्षानुवर्षं ती छातीत गेली की ‘बिसिनोसिस’ नावाचा आजार होतो. त्याची खूण मजेशीर वाटेल, पण आहे गंभीर : सुट्टीनंतर कामावर गेलं की पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी होते, दम लागतो. नंतरच्या दिवसांत थोडं बरं वाटतं, म्हणून कामगार दुर्लक्ष करतो. कालांतराने त्रास कायमचा होतो. अशा ठिकाणी माणूस किती तास थांबतो, यावरच त्याच्या फुप्फुसात किती धूळ जाईल ते ठरतं. म्हणजे कामाचे तास हाही आरोग्याचाच प्रश्न.

मजूर खात्याची चार वर्षं

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. आजच्या भाषेत केंद्रीय कामगार मंत्री.

व्हॉट्सॲपवर एक फॉरवर्ड फिरतो की त्यांनी एका दिवसात बारा तासांचे आठ तास केले. एवढं सोपं नव्हतं ते. १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांत आठवड्याला ५४ तास आणि जिनिंगसारख्या हंगामी कारखान्यांत ६० तास काम घेता येत असे. मालक, कामगार आणि सरकार यांच्या बैठका झाल्या, आणि १९४६ च्या दुरुस्तीने ५४ चे ४८ आणि ६० चे ५० झाले. म्हणजे खान्देशातल्या जिनमधल्या माणसाचे आठवड्याला दहा तास वाचले. त्याआधी १९४५ मध्ये पगारी सुट्टीही कायद्यात आली.

डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादला गेले आणि थेट कोळशाच्या खाणीत खाली उतरले. १९४४ च्या सुरुवातीला वटहुकूम निघाला : कोळशावर उपकर लावायचा आणि त्या पैशातून खाण कामगारांसाठी घरं, पाणी, दवाखाने करायचे.

सगळंच मनासारखं झालं असं नाही. युद्धात कोळसा कमी पडला म्हणून १९४३ मध्ये, त्यांच्याच खात्याच्या काळात, बायकांना खाणीत खाली उतरवण्यावरची बंदी उठली. विधिमंडळात जोरदार टीका झाली, आणि उत्तर त्यांनाच द्यावं लागलं. बायकांना पुरुषांइतकीच मजुरी मिळते, हा त्यांचा मुद्दा होता. १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली. सरकारात बसून काम करायचं तर असे दिवसही येतात.

आणि ईएसआय? १९४३ मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांना कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायला सांगितलं गेलं. १९४४ मध्ये अहवाल आला. बाबासाहेब १९४६ मध्ये त्या पदावरून गेले, पण त्या अहवालावर उभा राहिलेला कायदा १९४८ मध्ये मंजूर झाला. पुढे बिसिनोसिसचीही व्यावसायिक आजारांच्या यादीत नोंद झाली. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले, तोवर योजना सुरू होऊन चार वर्षं झाली होती.

तुम्हाला हा विषय शिकायचा असेल तर

बाबासाहेब मजूर मंत्री असताना, १९४५ मध्ये, दिल्लीत कारखान्यांच्या मुख्य सल्लागाराचं कार्यालय सुरू झालं. त्याचंच आजचं नाव डीजीफासली. त्याच्या अखत्यारीतली केंद्रीय श्रम संस्था मुंबईत सायनला आहे. एमबीबीएस झालेल्यांना तिथे औद्योगिक आरोग्याचा ‘एएफआयएच’ कोर्स करता येतो, तर इंजिनिअरिंगवाल्यांसाठी औद्योगिक सुरक्षेचा डिप्लोमा आहे. बी.एस्सी. झालं असेल तर जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. होते. संशोधनात जायचं असेल तर अहमदाबादची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था आहे. आणि परदेशाचं स्वप्न असेल, तर बाबासाहेबांच्या कोलंबियात आज पर्यावरणीय आरोग्याचा स्वतंत्र विभाग आहे.

हे सगळं पुढचं. आज एवढंच करा : घरात कुणी जिनमध्ये, मिलमध्ये किंवा कारखान्यात असेल, तर त्यांचा ईएसआयचा विमा क्रमांक विचारा आणि उमंग ॲपवर तो चालू आहे का ते बघा. आणि हो, सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी त्यांची छाती आवळते का, हेही विचारा.