विश्लेषण : स्वस्त मोटारीला आरामदायी चाल देणारे अर्ल मॅकफर्सन कोण होते? गाडी ‘लो’ करताना त्यांची रचना का बिघडते?

टिटवाळ्याच्या महागणपतीला येणाऱ्या वाहनांच्या रांगेत एखादी जमिनीला टेकेल इतकी ‘लो’ केलेली हॅचबॅक अधूनमधून दिसते. गतिरोधक आला की चालक गाडी तिरकी घालतो, तरीही खालून खरवडल्याचा आवाज येतो आणि मागे बसलेल्यांच्या कमरेला धक्का बसतो. अनेकदा कारण एकच असते. कमी पैशांत गाडी खाली घेण्यासाठी पुढच्या स्प्रिंगचे एक-दोन वेढे कापलेले असतात. ही स्प्रिंग ज्या रचनेत बसते, तिला ‘मॅकफर्सन स्ट्रट’ म्हणतात. स्वस्त मोटारही आरामदायी असावी, यासाठी अर्ल स्टील मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याने ती घडवली. त्यांचा जीवनप्रवास समजला, तर स्प्रिंग कापल्याने नेमके काय गमावले जाते, हेही कळते.

मॅकफर्सन यांची सुरुवात कुठे झाली?

मॅकफर्सन यांचा जन्म १८९१ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय राज्यातील हायलँड पार्क येथे झाला. इलिनॉय विद्यापीठातून १९१५ मध्ये अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते मोटारींचे माहेरघर असलेल्या डेट्रॉइटला गेले. चाल्मर्स ही त्यांची पहिली कंपनी. पहिल्या महायुद्धात त्यांनी युरोपात विमानांच्या इंजिनांवर काम केले. परतल्यावर लिबर्टी आणि नंतर हपमोबील या मोटार कंपन्यांत त्यांची उमेदवारी झाली. १९३४ मध्ये ते जनरल मोटर्समध्ये दाखल झाले आणि पुढे शेवरलेच्या रचना विभागाचे प्रमुख झाले.

हजार डॉलरच्या मोटारीचे काय झाले?

दुसरे महायुद्ध संपत असताना अमेरिकी कंपन्यांना मंदीची धास्ती होती. लोकांना छोटी, स्वस्त मोटार हवी असेल, असा अंदाज बांधून शेवरलेने १९४५ मध्ये ‘कॅडेट’ हा प्रकल्प हाती घेतला आणि मॅकफर्सन यांच्याकडे सोपवला. वजन सुमारे एक हजार किलो आणि किंमत एक हजार डॉलर, अशी मर्यादा ठरली.

खरा पेच इथे होता. जड मोटार मुळातच खड्डे पचवते, हलकी मोटार उसळते. त्या काळी स्वस्त गाड्यांना पाटे आणि सलग आस असे. त्यामुळे एक चाक खड्ड्यात गेले की दुसऱ्या चाकालाही झटका बसे. मॅकफर्सन यांनी चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन देण्याचे ठरवले. ही चैन तेव्हा महागड्या गाड्यांनाही पूर्णपणे मिळालेली नव्हती. खर्च वाढवायचा नसेल, तर सुटे भाग कमी करणे भाग होते. त्या अडचणीतून त्यांची रचना जन्मली.

मात्र युद्धानंतर मंदी आलीच नाही. मोठ्या मोटारी तयार होताच विकल्या जात होत्या आणि हजार डॉलरमध्ये नफा निघण्याची कंपनीला खात्री वाटेना. १९४७ मध्ये कॅडेट गुंडाळण्यात आली. त्याच वर्षी मॅकफर्सन प्रतिस्पर्धी फोर्डमध्ये गेले.

‘स्ट्रट’मध्ये नवे काय होते?

जुन्या स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये चाकाला वर आणि खाली असे दोन आर्म लागत. स्प्रिंग आणि शॉक अॅब्झॉर्बर वेगळे असत. मॅकफर्सन यांनी शॉक अॅब्झॉर्बरलाच उभा खांब बनवले आणि स्प्रिंग त्याच्याभोवती बसवली. खांबाचे वरचे टोक बॉडीला, खालचे चाकाच्या हबला. वरचा आर्म गेला आणि खाली एकच उरला. गाडी वळणावर कलू नये म्हणून असलेल्या अँटी-रोल बारलाही त्यांनी चाक जागेवर धरण्याचे दुसरे काम दिले.

ही कल्पना शून्यातून आली नव्हती. फियाटचे ग्विदो फोर्नाका यांनी १९२० च्या दशकात अशा दिशेने विचार केला होता. पण मोठ्या प्रमाणावर उत्पादन करता येईल असे रूप तिला मॅकफर्सन यांनी दिले. फ्रान्समधील फोर्डच्या ‘वेदेत’ मोटारीत ती वापरली गेली. १९५० मध्ये लंडनच्या प्रदर्शनात ब्रिटिश फोर्डच्या ‘कॉन्सल’ आणि ‘झेफिर’ या मोटारी याच सस्पेन्शनसह आल्या. मॅकफर्सन यांना त्यांची पेटंट १९५३ मध्ये मिळाली.

भारतात ही रचना कधी रुळली?

कॅडेटसारखीच धडपड महाराष्ट्रातही झाली. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी ‘मीरा’ ही छोटी मोटार स्वतः घडवली होती. तीही मोठ्या कारखान्यापर्यंत पोहोचली नाही. कुर्ल्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीला पुढे जुन्या पद्धतीचे दोन आर्म आणि मागे पाटे होते. मॅकफर्सन स्ट्रट सर्वसामान्य कुटुंबांच्या दारात आला तो डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० मुळे. आज बहुतेक छोट्या गाड्यांच्या पुढच्या चाकांमागे तोच असतो.

स्प्रिंग कापल्याने काय बिघडते?

या रचनेत स्प्रिंग आणि शॉक अॅब्झॉर्बर एकमेकांच्या मापाने बनलेले असतात. आठ कार्यरत वेढ्यांच्या स्प्रिंगचा एक वेढा कापला, तर ती सुमारे १४ टक्क्यांनी कडक होते. दोन कापले तर ३३ टक्क्यांनी. शॉक अॅब्झॉर्बर मात्र जुनाच राहतो. त्याचा दांडा आधीच आत दबलेला असल्याने साध्या खड्ड्यातही तो बंप स्टॉपवर आदळतो. कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही आणि चाक लटकले की स्प्रिंग जागेवरून सरकू शकते. गॅसने तापवून स्प्रिंग बसवणे तर आणखी वाईट, कारण त्याने पोलादाचा ताण धरण्याचा गुणच जातो.

गाडी जितकी खाली, तितकी ती वळणावर कमी झुकते, हा समजही नेहमी खरा ठरत नाही. मॅकफर्सन रचनेत गाडी फार खाली घेतली की खालचा आर्म उलट्या दिशेने तिरका होतो. त्यामुळे गाडी ज्या बिंदूभोवती झुकते, तो बिंदू तिच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली उतरतो आणि झुकण्याची ओढ उलट वाढते.

गतिरोधकांचे गणितही वेगळे आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, म्हणजे चाके हळूहळू चढतात. गल्लीतला अरुंद, उभट गतिरोधक मात्र पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधोमध येतो आणि त्याची पूर्ण उंची गाडीच्या पोटाखाली मावावी लागते.

मग परवडणारा मार्ग कोणता?

आधी झिजलेले शॉक अॅब्झॉर्बर, त्यांचे वरचे माउंट आणि बुश बदलावेत. अनेक गाड्यांचा खडखडाट एवढ्यानेच थांबतो. उंची कमी करायचीच असेल, तर ती २५ ते ३० मिलिमीटरवर थांबवावी आणि त्याच मॉडेलसाठी बनवलेल्या आखूड स्प्रिंग चारही चाकांना घ्याव्यात. त्यांना जुळणारे शॉक अॅब्झॉर्बर असल्यास उत्तम. उंची बदलता येणाऱ्या महाग कॉइलओव्हरची रोजच्या वापरात गरज नसते. मोठी रिम आणि पातळ टायर टाळावेत, कारण टायरची भिंत हीसुद्धा एक स्प्रिंगच असते. शेवटी व्हील अलाइनमेंट करून, पाच माणसे बसवून गाडी घासते का, हे पाहावे.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदलांना मनाई करते. अनधिकृत बदलासाठी कलम १८२-अ अन्वये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. त्यामुळे काम करण्यापूर्वी आरटीओकडे विचारणे शहाणपणाचे.

मॅकफर्सन यांचा शेवटचा काळ कसा होता?

१९५२ मध्ये ते फोर्डच्या अभियांत्रिकी विभागाच्या सर्वोच्च पदावर पोहोचले. १९५८ मध्ये निवृत्त झाले आणि १९६० मध्ये त्यांचे निधन झाले. अमेरिकेतील फोर्डच्या मोटारींनी त्यांचा स्ट्रट मोठ्या प्रमाणावर स्वीकारला तो १९७० च्या दशकाच्या अखेरीस, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर. ज्या स्वस्त मोटारीसाठी त्यांनी तो आखला, ती कधी विक्रीला आलीच नाही. पण कमी भागांत, कमी पैशांत आराम देण्याचे त्यांचे गणित जगभरच्या कोट्यवधी छोट्या गाड्यांत आजही चालू आहे. स्प्रिंगचा एक वेढा कापला, की पहिल्यांदा मोडते ते हेच गणित.