शेतातले पाणी शेतात

इ. स. १८७६ चा पावसाळा दख्खनवर कोरडा गेला. पेरलेले उगवले नाही आणि जे उगवले ते करपून गेले. विहिरी आटल्या, गुरे चाऱ्यावाचून मेली. माणसे घरदार सोडून अन्नाच्या शोधात निघाली आणि कित्येक मुले पोरकी झाली. अशा मुलांसाठी पुण्याजवळ धनकवडी येथे सत्यशोधक समाजाने आश्रम काढला. या समाजाचे संस्थापक होते महात्मा जोतीराव फुले.

जोतीरावांचा जन्म १८२७ साली पुण्यात एका माळी कुटुंबात झाला. बालपणी शाळा सुटली, तेव्हा त्यांनी वडिलांबरोबर मळ्यात काम केले. शिक्षण पुरे झाल्यावर १८४८ साली त्यांनी मुलींसाठी शाळा काढली आणि पत्नी सावित्रीबाई यांना शिक्षिका केले. लोकांचा रोष पत्करूनही ते मागे हटले नाहीत.

दुष्काळात भुकेल्यांना अन्न देणे हे पुण्यकर्म खरे. पण पुढच्या वर्षी पाऊस पुन्हा रुसला तर? हा विचार जोतीरावांना स्वस्थ बसू देईना. जड शेतसारा आणि सावकाराचे कर्ज यांनी शेतकरी आधीच पिचला होता. त्यातच उताराच्या रानात पाऊस जोराने कोसळला, की पाणी वाहून जाई आणि जाताना सुपीक मातीही घेऊन जाई.

१८८३ साली त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ लिहून पुरा केला. त्यात त्यांनी या दुःखाची कारणे सांगितली व उपायही सुचविले. उतारावर ताली व बंधारे घालावेत, म्हणजे पाणी आधी शेतात मुरेल आणि मगच ओढ्यानाल्यास मिळेल. तलाव बांधावेत. नदीनाल्यांतील व तलावांतील गाळ शेतकऱ्यांना मोफत द्यावा, अशी त्यांची मागणी होती.

ते केवळ लिहून थांबले नाहीत. मुठा नदीवर खडकवासल्याचे धरण झाले आणि कालव्याला पाणी आले. पण ते नवे पाणी घेण्यास शेतकरी कचरत होते. तेव्हा जोतीरावांनी मांजरी येथे जमीन घेतली आणि कालव्याच्या पाण्यावर स्वतः बागायत करून दाखविली. हिरवे पीक डोळ्यांनी पाहिल्यावर शेतकऱ्यांची भीती कशी टिकणार?

१८९० साली जोतीराव निवर्तले. महाराष्ट्रातील बरीचशी शेती आजही पावसावरच अवलंबून आहे आणि आता तर हवामानच पालटत चालले आहे. कधी पाऊस आठवडेच्या आठवडे ओढ देतो, तर कधी एकाच दिवशी धो धो कोसळून जातो. अशा वेळी लहान शेतकरी बांध घालतात, शेततळी खणतात, वाहते पाणी अडवून जमिनीत मुरवितात. आभाळ माणसाच्या हाती नाही. परंतु पडलेला थेंब राखणे त्याच्या हाती आहे. जोतीरावांनी शेतकऱ्याला हीच वाट दाखविली होती.