वालचंद हिराचंद

वालचंद हिराचंद दोशी (जन्म : २३ नोव्हेंबर, इ.स. १८८२, सोलापूर, मृत्यू : ८ एप्रिल, इ.स. १९५३, सिद्धपूर, गुजरात) हे महाराष्ट्रातील एक अग्रगण्य उद्योजक होते. जहाज वाहतूक, जहाजबांधणी, विमाननिर्मिती आणि मोटारनिर्मिती या चार क्षेत्रांत भारतीय भांडवलाचे पहिले मोठे प्रयत्न त्यांच्या नावाशी जोडलेले आहेत. यांपैकी मोटारनिर्मितीच्या प्रयत्नाला सर्वांत दीर्घकाळ सरकारी विरोध झाला, आणि संपूर्ण मोटार देशात घडवण्याचा त्यांचा हेतू त्यांच्या हयातीत पुरा झाला नाही.

प्रारंभिक जीवन

वालचंद यांचा जन्म सोलापूर येथे स्थायिक झालेल्या गुजराती भाषक दिगंबर जैन कुटुंबात झाला. वडील हिराचंद नेमचंद हे कापसाचा व्यापार आणि सावकारी करीत. आई राजूबाई यांचे वालचंद यांच्या जन्मानंतर लवकरच निधन झाले. शालेय शिक्षण सोलापुरात झाल्यावर ते मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात व नंतर पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात शिकले. मात्र पदवी न घेताच ते घरच्या व्यवसायात परतले.

घराण्याच्या पेढीत त्यांचे मन रमले नाही. रेल्वेतील नोकरी सोडून ठेकेदारीकडे वळलेले लक्ष्मण बळवंत फाटक यांच्याशी त्यांनी भागीदारी केली. बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून सुरू झालेल्या या भागीदारीत कामाची तांत्रिक बाजू फाटक आणि आर्थिक बाजू वालचंद सांभाळीत. पुढे टाटा कन्स्ट्रक्शन कंपनी व इ.स. १९२६ मध्ये स्थापन झालेली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी यांच्याद्वारे बोरघाटातील रेल्वेचे बोगदे, सिंधू नदीवरील कालाबागचा पूल अशी अवघड कामे त्यांनी पार पाडली. ठेकेदारीतून मिळालेला पैसा हाच त्यांच्या नंतरच्या सर्व साहसांचा आधार होता.

जहाजे आणि विमाने

पहिल्या महायुद्धानंतर नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद व लल्लूभाई सामळदास यांच्यासह वालचंद यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. ग्वाल्हेरच्या शिंदे संस्थानाकडून विकत घेतलेले लॉयल्टी हे तिचे जहाज ५ एप्रिल, इ.स. १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाले. हा दिवस आता राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून ही स्पर्धा मोडण्याचा प्रयत्न केला. इ.स. १९२३ च्या करारान्वये सिंदियाने आपल्या जहाजांवरील मर्यादा मान्य केल्या. तो करार कंपनीला जाचक ठरला, तरी तिचे अस्तित्व त्यामुळेच टिकले असे म्हणावे लागते. इ.स. १९२९ पासून वालचंद सिंदियाचे अध्यक्ष होते.

विशाखापट्टणम येथील जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला २१ जून, इ.स. १९४१ रोजी राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते बसवण्यात आली. तेथे बांधलेल्या जलउषा या जहाजाचे जलावतरण मार्च १९४८ मध्ये जवाहरलाल नेहरू यांनी केले. बंगळूर येथे म्हैसूर संस्थानाच्या सहभागाने डिसेंबर १९४० मध्ये स्थापन झालेली हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी मात्र त्यांच्या हाती फार काळ राहिली नाही. युद्धाची निकड सांगून भारत सरकारने इ.स. १९४२ मध्ये त्यांचा हिस्सा विकत घेतला.

मोटार उद्योगाची योजना

भारतात मोटारींची जोडणी वालचंद यांच्या आधीपासून होत होती. जनरल मोटर्सने इ.स. १९२८ मध्ये मुंबईत जोडणीचा कारखाना सुरू केला होता व त्यामागोमाग फोर्डही आली. सुटे भाग पेट्यांतून येत, येथे ते एकमेकांना जोडले जात आणि तयार गाडी विकली जाई. इंजिन परदेशातूनच येई. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी इ.स. १९३५ मध्ये युरोप व अमेरिकेतील कारखाने पाहून भारतात मोटारनिर्मिती करण्याची योजना आखली. वालचंद यांनी ती उचलून धरली. बाळासाहेब खेर यांच्या मुंबई मंत्रिमंडळाने साहाय्याची तयारी दाखवली होती, परंतु इ.स. १९३९ च्या अखेरीस मंत्रिमंडळानेच राजीनामा दिला. म्हैसूर संस्थानाचा सहभागही ब्रिटिश सरकारच्या विरोधामुळे बारगळला.

फोर्डशी झालेली बोलणी फळाला आली नाहीत. इ.स. १९४० मध्ये अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी तांत्रिक सहकार्याचा करार झाला. युद्धकाळात सैन्याला ट्रकांची गरज होती. तरीही हा कारखाना युद्धासाठी आवश्यक असल्याचे सरकारने मानले नाही, आणि यंत्रसामग्री आणण्यासाठी लागणारी मुभा मिळाली नाही. अखेर इ.स. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीची नोंदणी झाली. कुर्ला येथील तिच्या कारखान्यातून इ.स. १९४७ मध्ये पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. डॉज, डिसोटो व प्लिमथ या नावांनी विकल्या जाणाऱ्या या गाड्या म्हणजे सुरुवातीस प्रामुख्याने आयात भागांची जोडणीच होती. ज्या अवस्थेवर वालचंद यांचा आक्षेप होता, त्याच अवस्थेतून त्यांच्या कारखान्यालाही जावे लागले.

जोडणी आणि निर्मिती यांतील अंतर

वालचंद यांचा आग्रह नेमका कशासाठी होता, हे इंजिनातील एका लहानशा फटीवरून समजते. चार धावांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला सामान्यतः दोन व्हॉल्व्ह असतात : एक इंधनमिश्रित हवा आत घेणारा, दुसरा जळलेला वायू बाहेर सोडणारा. कॅमशाफ्टवरील उंचवटे फिरताना टॅपेटला उचलतात व त्यामुळे व्हॉल्व्ह उघडतो. स्प्रिंग तो पुन्हा मिटवते. इंजिन तापले की पोलाद प्रसरण पावते. दहा सेंटीमीटर लांबीचा पोलादी दांडा शंभर अंश सेल्सिअसने तापल्यास सुमारे एक दशांश मिलिमीटरने वाढतो, आणि बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह तर कित्येक शतके अंशांपर्यंत तापतो. ही वाढ सामावण्यासाठी व्हॉल्व्हची दांडी आणि तिला ढकलणारा भाग यांच्यामध्ये जाणूनबुजून थोडी फट ठेवलेली असते. ती साधारणतः एक-दोन दशांश मिलिमीटर, म्हणजे कागदाच्या एक-दोन पानांएवढी असते.

फट कमी पडली तर तापलेला व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर पुरता टेकत नाही. व्हॉल्व्हमधील उष्णता मुख्यतः बैठकीवाटेच निघून जात असल्याने त्याची कडा जळते व इंजिनाचा जोर जातो. फट जास्त झाली तर व्हॉल्व्ह उशिरा उघडतो, कमी उचलला जातो आणि टकटक असा आवाज येऊ लागतो. यांपैकी आवाज न करणारा दोष अधिक घातक असतो, कारण तो चालकाच्या लक्षात येत नाही. पोलादपूरनंतरचा कशेडी घाट किंवा पोलादपूरहून महाबळेश्वरकडे चढणारा आंबेनळी घाट अशा रस्त्यांवर इंजिन दीर्घकाळ पूर्ण भाराखाली चालते. तेथे ही फट चुकलेली असल्यास व्हॉल्व्हला त्याची झळ लवकर पोहोचते.

ही फट मोजण्याचे व लावण्याचे काम, ज्याला गॅरेजमध्ये टॅपेट सेटिंग म्हणतात, फारशा साधनांविना होते. झाकण काढून इंजिन हाताने फिरवले जाते व त्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतील अशा स्थितीत आणले जाते. ठरलेल्या जाडीची फीलर गेजची पट्टी फटीत सरकवतात. पट्टी अडकता कामा नये आणि सैलही पडता कामा नये. ओढताना तिला किंचित घासल्याची जाणीव व्हावी लागते. तसे नसल्यास लॉक नट सैल करून स्क्रू फिरवला जातो आणि नट आवळून फट पुन्हा मोजली जाते, कारण आवळताना स्क्रू थोडा हलतोच. शाळेत न गेलेले कारागीरही हे काम बिनचूक करीत आणि आजही करतात.

परंतु स्क्रू फिरवून फट लावता येते ती मुळात भाग अचूक असले तरच. कॅमच्या उंचवट्याचा आकार, व्हॉल्व्हची दांडी ज्यातून सरकते ती नळी, बैठकीचा कोन, पृष्ठभागाचे कडकपण हे सर्व शतांश मिलिमीटरच्या हिशेबाने, आणि हजारो इंजिनांत एकसारखे घडवावे लागते. त्यासाठी विशिष्ट जातीचे पोलाद, ओतशाळा, उष्णतोपचाराच्या भट्ट्या, घासण्याची यंत्रे व मापनाची साधने लागतात. जोडणीच्या कारखान्याला यांपैकी जवळजवळ कशाचीच गरज नसते. म्हणूनच परदेशी कंपन्यांना जोडणी सोयीची होती, आणि देशात इंजिन घडवण्याचा वालचंद यांचा आग्रह केवळ स्वदेशीच्या भावनेतून आलेला नव्हता. मोटारीच्या मागे उभे राहणारे पूरक उद्योग त्यांना हवे होते. ही साखळी खाजगी भांडवलाच्या बळावर आणि बाजारपेठ लहान असताना लवकर उभी राहील, हा त्यांचा अंदाज मात्र फार आशावादी ठरला.

अखेरची वर्षे

बंधू गुलाबचंद, रतनचंद व लालचंद हे उद्योगसमूहाच्या कारभारात सहभागी होते. नाशिक जिल्ह्यातील रावळगाव आणि पुणे जिल्ह्यातील वालचंदनगर येथे माळरानावर ऊसशेती व साखर कारखाने उभे करण्याचे काम त्याआधीच्या काळातले. स्वातंत्र्यानंतर पक्षाघातामुळे त्यांची प्रकृती खालावली व इ.स. १९५० च्या सुमारास ते कारभारातून निवृत्त झाले. पत्नी कस्तुरबाई यांनी शेवटपर्यंत त्यांची शुश्रूषा केली. ८ एप्रिल, इ.स. १९५३ रोजी त्यांचे निधन झाले.

त्याच वर्षी टॅरिफ कमिशनच्या शिफारशींवरून, निर्मितीचा कार्यक्रम नसलेल्या व केवळ जोडणी करणाऱ्या कंपन्यांना भारतात थारा न देण्याचे धोरण सरकारने स्वीकारले. वालचंद यांनी पंधरा वर्षे मांडलेली भूमिका त्यातून मान्य झाली. जनरल मोटर्स व फोर्ड यांनी आपले येथील कारखाने बंद केले. प्रीमियर ऑटोमोबाइल्स लालचंद हिराचंद यांच्या नेतृत्वाखाली इटलीतील फियाट कंपनीच्या सहकार्याने पुढे गेली, आणि फियाट ११०० या मोटारीचे भाग टप्प्याटप्प्याने देशात तयार होऊ लागले. तिचे १,०८९ घन सेंटीमीटरचे, चार सिलिंडरचे इंजिन नंतर प्रीमियर पद्मिनी या नावाने विकल्या गेलेल्या गाडीतही कायम राहिले.

सांगली येथे इ.स. १९४७ मध्ये सुरू झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला इ.स. १९५५ मध्ये वालचंद यांचे नाव देण्यात आले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पद्मिनी गाड्यांपैकी अखेरची ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून निवृत्त झाली.